रँग्लर परांजपे : एका गणिताध्यापकाचे जीवितकार्य

काही इंग्रजी शब्द मराठीत येऊन पदवीसारखे माणसांच्या नावांना कायमचे जडले. 'रँग्लर' हा त्यांपैकी एक होय. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर ही नावे महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतून पिढ्यान् पिढ्या आदराने उच्चारली गेली. मात्र हा शब्द आदराने उच्चारणाऱ्या पुष्कळांना त्याचा अर्थ ठाऊक नसे. 'रँग्लर' म्हणजे शब्दशः वाद घालणारा, हुज्जत घालणारा. केंब्रिज विद्यापीठात पूर्वी पदवीची परीक्षा तोंडी होत असे. विद्यार्थ्याने एखादे विधान मांडावे, प्रतिपक्षाने ते खोडावे आणि विद्यार्थ्याने त्याचे समर्थन करावे, असा तो शास्त्रार्थ असे. पुढे तोंडी वादाची जागा लेखी परीक्षेने घेतली आणि ती मुख्यतः गणिताची झाली. 'मॅथेमॅटिकल ट्रायपॉस' ती हीच. या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' हे जुने नाव तसेच राहिले आणि त्यांच्यात जो पहिला येई तो 'सीनियर रँग्लर' ठरे. उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीत जो अगदी शेवटी असे, त्याला त्याचे सोबती थट्टेने एक मोठा लाकडी चमचा बहाल करीत. एकोणिसाव्या शतकात सीनियर रँग्लर होणे हा इंग्लंडमधील विद्यार्थिजीवनातला सर्वोच्च मान समजला जाई. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल, गणिती आर्थर केली आणि भौतिकीतील स्टोक्स व रॅले यांनी तो मिळविला होता. मॅक्सवेल आणि केल्व्हिन यांच्यासारख्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते.

१८९९ सालच्या यादीत हा मान दोघांना विभागून मिळाला. त्यांपैकी एक होते पेंब्रोक महाविद्यालयाचे जॉर्ज बर्टविसल आणि दुसरे सेंट जॉन्स महाविद्यालयाचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. या स्थानावर एका भारतीयाचे नाव येण्याची ही पहिलीच वेळ होती. आनंदमोहन बोस यांनी १८७४ साली रँग्लर होऊन भारतीयांसाठी ही वाट उघडली होती. तिचा कळस कोकणातल्या एका खेड्यातून आलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाने गाठला. राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच परीक्षेत आणि त्यांच्याच बरोबरीने बसून मिळविलेले हे यश होते. त्यामुळे देशभर जो आनंद झाला, त्यात विद्येच्या कौतुकाइतकाच स्वाभिमानाचाही भाग होता.

अशा विद्यार्थ्याने पुढे काय केले, या प्रश्नाला आजही महत्त्व आहे. जगातील कोणत्याही विद्यापीठात ज्याचे स्वागत झाले असते, सरकारी शिक्षणखात्यात ज्याला सुखाची जागा मिळाली असती, तो माणूस पुण्याच्या एका खासगी महाविद्यालयात तुटपुंज्या वेतनावर शिकवीत राहिला. त्याच्या वर्गात बसणाऱ्या बहुसंख्य मुलांना गणिती व्हावयाचे नव्हते. कोणाला वकील व्हावयाचे होते, कोणाला मामलेदार, तर कोणाला शाळामास्तर. त्यांना गणित शिकविण्यात केंब्रिजच्या या पहिल्या क्रमांकाची वीस वर्षे गेली. तो त्याग सत्कारणी लागला की वाया गेला, हे पाहावयाचे तर आधी त्या त्यागाची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुर्डी या गावी झाला. कोकणातल्या त्या भागात त्या काळी विद्येची ओढ पुष्कळ आणि साधने थोडी होती. हुशार मुलाला कोणी नातलगाने शहरात नेऊन शिकविले तरच त्याचे शिक्षण पुरे व्हावे, अशी परिस्थिती होती. रघुनाथरावांना असा आधार धोंडो केशव कर्वे यांच्या रूपाने लाभला. कर्वे हे नात्याने त्यांचे वडील बंधू होते. वयात अठरा वर्षांचे अंतर असल्यामुळे हे बंधुत्व पालकत्वासारखेच होते. शाळेतील शिकवण्या करून मुंबईत स्वतःचा प्रपंच कसाबसा चालविणाऱ्या कर्व्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून शिकविले. १८९१ साली कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यास आले आणि रघुनाथरावांनीही महाविद्यालयीन शिक्षणासाठी फर्ग्युसनचीच वाट धरली. तेथे १८९२ पासून गोपाळ गणेश आगरकर प्राचार्य होते आणि अध्यापकांमध्ये गोपाळ कृष्ण गोखले होते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत उज्ज्वल यश मिळाल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर रघुनाथराव १८९६ साली केंब्रिजला गेले. सीनियर रँग्लर झाल्यावर सेंट जॉन्स महाविद्यालयाने त्यांना आपले फेलो निवडले. पॅरिस आणि गॉटिंगेन येथेही ते काही काळ राहिले. गॉटिंगेनमध्ये त्या वेळी फेलिक्स क्लाइन आणि डेव्हिड हिल्बर्ट अध्यापन करीत होते आणि युरोपातील गणिताचे केंद्र तिकडे सरकत होते. नव्या गणिताचा उगम परांजप्यांनी असा जवळून पाहिला आणि मग ते पुण्यास परतले.

ज्या संस्थेत ते परतले, तिचे स्वरूप समजल्याशिवाय या निर्णयाचा अर्थ लागत नाही. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. एतद्देशीयांनी आपल्या बळावर उच्च शिक्षण द्यावे, हा त्यामागचा हेतू होता. संस्था चालविणारे आणि तिच्यात शिकविणारे लोक एकच असावेत, अशी तिची रचना होती. जो आजीव सदस्य होईल त्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि महिना पाऊणशे रुपयांच्या आसपास जे वेतन मिळेल त्यात भागवावयाचे, असा दंडक होता. सरकारी महाविद्यालयांतील युरोपीय प्राध्यापकांचे वेतन याच्या कित्येक पट असे. या दोहोंतील फरक हीच या संस्थेची खरी भांडवली रक्कम होती. अध्यापकांनी न घेतलेल्या पैशावर महाविद्यालय उभे होते.

परांजपे या व्रतात सामील झाले आणि १९०२ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोखले आपली सेवा पुरी करून निवृत्त झाले. वामन शिवराम आपटे, आगरकर आणि महादेव शिवराम गोळे यांच्यानंतर आलेले हे प्राचार्य त्यांच्या सर्व सहकाऱ्यांत जवळजवळ सर्वांत तरुण होते. गणिताच्या विभागात त्यांचे पालक धोंडो केशव कर्वे १९१४ पर्यंत प्राध्यापक होते. ज्याने हाताला धरून शिकविले तो सहकारी आणि जो शिकला तो प्राचार्य, असा हा योग बारा वर्षे टिकला. मानापमानाच्या कल्पना तीव्र असलेल्या आपल्या समाजात हे नाते दोघांनीही सहजतेने निभावले.

पुण्यातील गणिताध्यापनाची परंपरा याहूनही जुनी आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे तिचे आद्य पुरुष. डेक्कन कॉलेजात टिळकांना गणिताची गोडी त्यांच्याकडून लागली. टिळक स्वतः १८९० साली सोसायटी सोडीपर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित आणि संस्कृत शिकवीत. टिळक गेल्यावर गणिताची जी उणीव भासली, ती भरून काढण्यासाठी गोखल्यांनी आपले जुने सहाध्यायी कर्वे यांना मुंबईहून बोलावून घेतले. गोखल्यांनीही गणित शिकविले होते आणि त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरले गेले. एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. टिळक, गोखले, कर्वे आणि परांजपे हे चौघे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात चार निराळ्या दिशांना गेले, त्यांचे मतभेद कित्येकदा विकोपालाही गेले. पण चौघेही एकाच महाविद्यालयात फळ्यापुढे उभे राहून गणित शिकविलेले होते. हा केवळ योगायोग मानता येणार नाही. त्या पिढीला गणित हे सर्व शिक्षणाचा पाया वाटत होते.

त्या वेळच्या कलाशिक्षणात गणिताला जे स्थान होते, ते आज चटकन ध्यानात येत नाही. आता कलाशाखा म्हणजे गणितापासून सुटका, असा समज दृढ झाला आहे. युरोपातील जुन्या उदार शिक्षणाच्या कल्पनेत मात्र अंकगणित आणि भूमिती यांचा समावेश व्याकरण व तर्कशास्त्र यांच्या बरोबरीने होता. उदार शिक्षण म्हणजे एखाद्या धंद्यासाठी दिलेले नव्हे, तर स्वतंत्र नागरिकाची बुद्धी तयार करणारे शिक्षण. मुंबई विद्यापीठाने हीच कल्पना उचलली होती. संस्कृत, इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यालाही पहिल्या वर्षांत बीजगणित व भूमिती यांच्याशी झटापट करावी लागे. कित्येकांची त्या झटापटीत दमछाक होई. विद्यार्थ्यांना ही निव्वळ जाचक अट वाटे आणि शिकविणारा सामान्य असला तर ती तशीच ठरे.

गणिताने कलाशाखेच्या विद्यार्थ्याला नेमके काय द्यावयाचे, हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. कोणतीही एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यात तीच संख्या मिळवावी आणि शेवटी ४१ मिळवावे. शून्य घेतले तर ४१ मिळतात, एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७, तीन घेतले तर ५३. या सर्व मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना भाग जात नाही. पुढे जावे तसा हाच अनुभव येतो. दहाव्या, विसाव्या, तिसाव्या पायरीवरही उत्तर मूळ संख्याच येते. शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत चाळीस वेळा हा नियम खरा ठरतो. व्यवहारात एवढा पुरावा मिळाला तर कोणीही नियम सिद्ध झाला असे मानील. परंतु ४० ही संख्या घेतली की उत्तर १६८१ येते, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस साक्षीदारांनी दिलेली ग्वाही एकेचाळिसाव्या वेळी खोटी पडते. अनुभव आणि सिद्धता यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा विषय नाही.

ज्या विद्यार्थ्याला हे अंतर एकदा मनापासून कळले, तो पुढे वकील होवो की मामलेदार, 'पुष्कळांनी सांगितले' आणि 'सिद्ध झाले' यांची गल्लत करणार नाही. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून विधान खरे ठरत नाही आणि लहान माणसाने दाखविलेली चूक त्याच्या वयामुळे चूक नसल्याचे ठरत नाही, हा धडा गणिताच्या वर्गात रोज मिळतो. परांजप्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर हा धडा त्यांनी वर्गापुरता ठेवला नाही, असे दिसते. आगरकरांचा बुद्धिवाद त्यांनी पुढे चालविला. शकुन, फलज्योतिष आणि चमत्कार यांवरील विश्वासाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला आणि पुढे रॅशनॅलिस्ट असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. धर्मश्रद्ध समाजात राहून त्यांनी आपली मते लपविली नाहीत आणि त्यासाठी दुसऱ्याचा उपमर्दही केला नाही. पुरावा मागण्याची सवय हा त्यांच्या गणिताचा आणि त्यांच्या समाजकारणाचा समान धागा होता.

त्यांचे कार्य महाविद्यालयाच्या आवारापुरतेही राहिले नाही. १९०७ साली मद्रास इलाख्यातील व्ही. रामस्वामी अय्यर या गणितप्रेमी सरकारी अधिकाऱ्याने एक मंडळ काढले. गणितावरील परदेशी ग्रंथ आणि नियतकालिके एकट्या अध्यापकाला विकत घेणे अशक्य असे. तेव्हा वर्गणी जमवून ती मागवावी आणि सभासदांमध्ये फिरवावी, अशी ही योजना होती. या मंडळातूनच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी उभी राहिली. तिच्या ग्रंथालयासाठी फर्ग्युसन महाविद्यालयाची निवड झाली आणि तेथे परांजप्यांचा आधार लाभला. पुण्याहून निघालेली पुस्तके व नियतकालिके दूरदूरच्या गावांतील अध्यापकांपर्यंत टपालाने जाऊ लागली. सोसायटीचे स्वतःचे नियतकालिकही निघाले. १९११ साली त्यात एका अपरिचित तरुणाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. रामानुजनच्या प्रतिभेचे श्रेय कोणत्याही संस्थेला घेता येणार नाही. पण ती प्रतिभा छापील स्वरूपात प्रथम जगापुढे येण्यासाठी देशात एक व्यासपीठ तयार असावे लागले, आणि ते ज्या मोजक्या लोकांनी उभे केले व सांभाळले, त्यांत परांजपे होते.

प्राचार्यपद म्हणजे केवळ विद्येची उपासना नव्हे. त्याचा कसोटीचा प्रसंग १९०५ साली आला. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटला होता. ऑक्टोबर महिन्यात पुण्यास परदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्या पुढाऱ्यांत फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणारे विनायक दामोदर सावरकर हे विद्यार्थी होते. परांजप्यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. यावर मोठा गदारोळ उठला आणि 'केसरी'ने प्राचार्यांवर कडक टीका केली. परांजपे गोखल्यांच्या नेमस्त पक्षाचे होते. महाविद्यालय राजकारणात ओढले गेले तर सरकारचा रोष होईल आणि इतक्या कष्टाने उभी केलेली संस्था धोक्यात येईल, असे त्या पक्षाच्या लोकांना वाटे. उलट, देशाभिमानासाठी विद्यार्थ्याला शिक्षा करणे हे राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयालाच विसंगत होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. पुढच्या इतिहासाने लोकांची सहानुभूती शिक्षा भोगणाऱ्याच्या बाजूला नेली, हे नाकारता येत नाही. परांजप्यांचे चरित्र सांगताना हा प्रसंग झाकून ठेवण्याचे मात्र कारण नाही. संस्था टिकविणे आणि तिच्यातल्या तरुणांचे मन जिंकणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र साधतात असे नाही, आणि त्या दिवशी त्यांनी पहिली निवडली.

स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत मात्र ते काळाच्या पुढे होते. ज्या केंब्रिजने त्यांचा गौरव केला, त्या केंब्रिजमध्ये स्त्रियांना परीक्षेला बसता येई, पण पदवी मिळत नसे. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळाले होते. तरीही ती स्त्री असल्यामुळे तिला तो किताब मिळाला नाही. 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढीच तिची नोंद झाली. परांजपे केंब्रिजमध्ये शिकत असतानाच, १८९७ साली, स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रस्ताव तेथे मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. ती दारे पूर्णपणे उघडण्यास १९४८ साल उजाडावे लागले. इकडे पुण्यात १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती झाले आणि परांजपे पहिले कुलगुरू. हिंगण्याच्या माळावरील झोपडीत विधवांसाठी आश्रम चालविणाऱ्या एका गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठ काढावे आणि त्याच्याच घरी वाढलेल्या दुसऱ्या गणिताच्या प्राध्यापकाने त्याची धुरा वाहावी, ही घटना महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात अपूर्व आहे. मागून पाहता, या बाबतीत पुण्याने केंब्रिजला मागे टाकले होते.

परांजप्यांचे पुढचे जीवन अनेक पदांनी भरलेले आहे. १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग त्याने खुला केला. गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ज्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी अयशस्वी झुंज दिली होती, त्याच दिशेचे हे पाऊल होते. १९२७ पासून १९३२ पर्यंत परांजपे लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद होते. १९३२ ते १९३८ या काळात त्यांनी लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात ते भारताचे उच्चायुक्त होते. शेवटी १९५६ साली, वयाची ऐंशी वर्षे पुरी झाल्यावर, पुणे विद्यापीठाने त्यांना कुलगुरू म्हणून बोलाविले आणि १९५९ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'एटी-फोर नॉट आउट' असे क्रिकेटमधून घेतलेले मिस्कील नाव दिले. ६ मे १९६६ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. गणितशास्त्राच्या दृष्टीने या जीवनाचा हिशेब काय? नव्या संशोधनाच्या रकान्यात परांजप्यांच्या नावावर फारसे काही जमा नाही, हे सरळ मान्य केले पाहिजे. याची कारणे केवळ व्यक्तिगत नाहीत. पहिले कारण त्या प्रसिद्ध परीक्षेतच होते. ट्रायपॉसच्या तयारीत विद्यार्थी अवघड प्रश्न चपळाईने सोडविण्यात तरबेज होत, पण नवे प्रश्न शोधण्याचे शिक्षण त्यांना मिळत नसे. परांजप्यांच्या आदल्या वर्षी चौथे रँग्लर झालेले जी. एच. हार्डी यांनी याच कारणास्तव या परीक्षेवर हल्ला चढविला. १९०९ नंतर क्रमवार यादी आणि तिच्याबरोबर सीनियर रँग्लरचा किताब बंद झाला. दुसरे कारण मुंबई विद्यापीठाच्या रचनेत होते. १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारे होते. अभ्यासक्रम ते ठरवी आणि शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. संशोधनासाठी त्यात जागाच नव्हती. तिसरे कारण कामाच्या ओझ्याचे. वर्ग, वसतिगृह, वर्गणी, इमारती आणि सभा यांनी भरलेल्या दिवसात एकांत कोठून मिळावा?

या संदर्भात गणेशप्रसाद यांची आठवण होते. उत्तर भारतातील बलिया येथे १८७६ सालीच त्यांचा जन्म झाला. तेही केंब्रिजला आणि गॉटिंगेनला गेले. परत आल्यावर त्यांनी काशी व कलकत्ता येथे संशोधनाला वाहून घेतले, शिष्य तयार केले आणि १९१८ साली काशीत गणित परिषद स्थापन केली. आशुतोष मुखर्जींच्या प्रयत्नांमुळे कलकत्त्यात संशोधनासाठी विद्यापीठाची स्वतंत्र पीठे निर्माण झाली होती. पुण्यात तसे काही नव्हते. पुढे फर्ग्युसनमध्येच दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गणित शिकवीत असता मोलाचे संशोधन केले, तेव्हा अध्यापन आणि संशोधन यांचे हाडवैर आहे असेही म्हणता येत नाही. पण ते विलक्षण प्रतिभेचे आणि एकाकी वाटचालीचे उदाहरण होते. संस्थेच्या रचनेत तशी सोय नव्हती. परांजप्यांपुढे निवड होती ती स्वतः शोध लावण्याची किंवा इतरांसाठी शिक्षणाची सोय करण्याची. त्यांनी दुसरी गोष्ट पत्करली आणि तिची किंमत गणिताने मोजली.

हिशेबाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. विदेशात सर्वोच्च मान मिळविलेला माणूस आपल्याच गावच्या महाविद्यालयात, आपल्यासारख्याच मुलांना शिकविण्यासाठी परत येतो, हे दृश्य एका पारतंत्र्यातील समाजाने डोळ्यांनी पाहिले. उत्तम शिक्षक उत्तम वेतनाशिवाय मिळत नाही, हा सरकारी हिशेब त्याने खोटा ठरविला. फर्ग्युसनमधून शिकून केंब्रिजला गेलेले गणेश सखाराम महाजनी हेही परत येऊन त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि नंतर राजस्थान व दिल्ली येथील विद्यापीठांचे कुलगुरू झाले. एका माणसाने घालून दिलेला कित्ता दुसऱ्याने गिरविला, तेव्हा तो त्याग एकट्याचा न राहता रीत बनला.

अशा त्यागावर शिक्षणसंस्था कायमच्या चालाव्यात, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अध्यापकाच्या उपासमारीवर विद्येचे मंदिर उभारणे ही एका विशिष्ट काळाची गरज होती. तिचा आदर्श करून पुढच्या पिढ्यांना कमी वेतनावर राबविणे योग्य होणार नाही. परांजप्यांच्या जीवनातून घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. विषयातला श्रेष्ठ जाणकार पहिल्या वर्षाच्या सामान्य विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला पाहिजे, आणि ज्यांना गणिती व्हावयाचे नाही त्यांनाही सिद्धता म्हणजे काय हे कळले पाहिजे, ही ती गोष्ट होय. आज गणित शिकणारा बहुधा अभियंता होण्यासाठी शिकतो आणि इतिहास किंवा साहित्य शिकणारा गणिताकडे पाठ फिरवितो. अशा वेळी, फळ्यापुढे उभे राहून कलाशाखेच्या मुलांना बीजगणित समजावून देणाऱ्या त्या सीनियर रँग्लरचे काम जुने झाले आहे, असे म्हणवत नाही. ते अजून पुरे व्हावयाचे आहे.